कोमट दगड

हेझलने माझ्या हातात दगड ठेवला तेव्हा तो कोमट होता. हे मला लगेच कळलं नाही. मी शेगडीपाशी उभी राहून तिची ओटची पेज ढवळत होते. ती मागून आली, "आई, हा झोपलाय," म्हणत तिने दगड माझ्या मोकळ्या हातात सरकवला, आणि मी "हो का, मग पांघरूण घाल त्याला," असं काहीतरी म्हणून तो खिडकीच्या कडेला ठेवून दिला. पुन्हा पेज ढवळायला लागले. मग चमचा आपोआप थांबला. बाहेर जून होता, पण आमच्या खोऱ्यात जूनच्या सकाळीही तोंडातून वाफ निघते, आणि ऊन डोंगरामागून उतरून कोठारापर्यंत यायला बराच वेळ घेतं. हेझलचं नाक लाल झालं होतं. तिची बोटं मी धरून पाहिली, गार होती. गार बोटांतून कोमट दगड कसा येईल? मी तो परत उचलला. आता तो नुसता दगड होता, खिडकीइतकाच थंड, आणि मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू झालं माझं.

'पुन्हा सुरू झालं माझं' हे वाक्य माझं नाही, माझ्या नवऱ्याचं, गॅरेटचं आहे. तो ते प्रेमाने म्हणतो. आम्ही सिअ‍ॅटलला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो तेव्हापासून म्हणतो. हेझल जन्मली त्या उन्हाळ्यात डोंगरांपलीकडच्या वणव्यांचा धूर शहरावर येऊन बसला होता. दुपारी दिवे लावावे लागायचे आणि सूर्य मोसंबीच्या फोडीसारखा दिसायचा. मी दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबायचे, खिडक्यांना चिकटपट्टी लावायचे आणि बाळाच्या नाकाशी गाल नेऊन बसायचे, श्वास येतोय ना. येत असायचा. तरी मी बसायचे. माझी आई रुग्णालयात आजाऱ्यांची उठबस करायची, तिने मला शिकवलं होतं की ताप तळहाताने बघू नये, हाताच्या मागच्या बाजूने बघावा. तळहात दिवसभर कामं करतो, त्याला सगळ्याची सवय झालेली असते, मागची बाजू बिचारी कुठे जात नाही. म्हणून मी हाताची मागची बाजू हेझलच्या कपाळाला लावायचे, मग भिंतीला, मग खिडकीच्या काचेला. गॅरेट म्हणायचा, "अगं, भिंतीला ताप येत नाही." आणि मग एका वर्षी तो म्हणाला, चल, गावी जाऊ, पॉपना, म्हणजे त्याच्या वडिलांना, आता एकट्याने जमीन झेपत नाही, तिथे हवा तरी चांगली आहे. जिथून तो धूर यायचा, तिथेच आम्ही राहायला आलो. हे मी कधी मोठ्याने बोलले नाही.

"हेझल, हा दगड कुठून आणलास?"

"कोठाराच्या मागून. त्याच्या घरातून."

"कुठलं घर?"

"मातीचं," ती म्हणाली आणि पेजेत मनुका शोधायला लागली.

कोठाराच्या मागे मातीचं काय आहे ते मला माहीत होतं. एप्रिलमध्ये आम्ही घराभोवतीच्या पाइनच्या खालच्या फांद्या तोडल्या होत्या. तोडाव्याच लागतात, घराच्या आसपास जळण्यासारखं काही ठेवू नका असा नियमच आहे, आणि मग त्या तोडलेल्याचं काय करायचं, तर जाळायचं, तेही परवाना घेऊन, वारा नसताना, जाळबंदी लागायच्या आत. त्या फांद्यांचा माझ्या डोक्याच्या वर जाणारा ढीग झाला होता. नियमांचा कागद मी फ्रिजवर लावला होता. जुन्या खुंटावर, म्हणजे तोडलेल्या झाडाच्या बुडख्यावर, ढीग रचू नये. विझवताना पाणी ओतावं, ढवळावं, परत ओतावं. नुसती माती ओढू नये, मातीखाली निखारा जिवंत राहतो. शेवटी उघड्या हाताने तपासावं. गॅरेटने तो वाचून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला चालायचं कसं ते वाचून दाखवतेय. "हे शहरातून येऊन डोंगरात घरं बांधणाऱ्यांसाठी असतं गं," तो म्हणाला. "आमच्याकडे माती ओढतात. आजोबा ओढायचे, पॉप ओढतात. आजवर काही झालं नाही." ढीग रचला होता तोही जुन्या खुंटावर, कारण ढीग तिथेच रचतात, त्यांच्या घरात ढिगाची जागा ठरलेली आहे, जशी जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते.

पण हात लावायचा नियम त्यांनी पाळला होता. तो त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, कारण खोऱ्यात तो शिकवला पॉपनीच. माझे सासरे ऑर्विल कितीतरी वर्षं इथल्या स्वयंसेवक बंबवाल्यांचे प्रमुख होते. आजही कुणी वसंतात ढीग जाळला की संध्याकाळी त्यांना फोन येतो, 'ऑर्विल, येऊन जरा हात लावतोस का?' ते जातात, बाही वर करतात, राखेत मनगटापर्यंत हात घालतात, थोडा वेळ धरतात आणि म्हणतात, "मेलाय." मग लोक झोपायला जातात. पाद्री येऊन प्रार्थना म्हणून गेल्यावर घर जसं शांत होतं, तसं मी लोकांना शांत होताना पाहिलंय. आमच्या ढिगावर ट्रॅक्टरने माती ओढण्याआधी त्यांनी असाच हात घातला होता. मी लांब उभी होते, हेझलला कडेवर घेऊन. धुराची एक बारीक रेघ त्यांच्या कोपरापाशी फिरत होती. "मेलाय," ते म्हणाले, आणि मलासुद्धा, हो, मलासुद्धा बरं वाटलं होतं.

मी हेझलला कार्टून लावून दिलं आणि कोठाराच्या मागे गेले. गवत आता पिवळं पडलं होतं, पायाखाली कुरकुरत होतं. मातीच्या ढिगावर एकही गवताची काडी उगवली नव्हती. हे मी रोज पाहत होते आणि रोज त्याचं काहीतरी कारण काढत होते. एका बाजूला हेझलने खळगा केला होता, तिच्या खेळण्यातलं लहान फावडं तिथेच पडलं होतं. मी गुडघ्यांवर बसून खळग्यात तळहात ठेवला. माती. मग हात उलटा केला. मागच्या बाजूला काहीतरी लागलं, ऊब म्हणण्याइतकं नाही, झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून हात नेल्यावर लागतं तेवढं. की माझाच हात गार होता म्हणून? मी शेजारच्या जमिनीला हात लावला, परत खळग्याला, परत जमिनीला. जितक्या वेळा लावला तितकं कमी कळायला लागलं. ताप बघतानाही असंच व्हायचं. दहाव्यांदा हात लावल्यावर कपाळ कुणाचं आणि हात कुणाचा तेच समजेनासं व्हायचं.

गॅरेटला फोन केला. तो नदीकाठच्या फळांच्या गोदामात काम करतो आणि चेरीचा हंगाम ऐन भरात होता. मागे फळं वाहणाऱ्या पट्ट्यांची घरघर चालली होती.

"बोल पटकन."

"कोठारामागचा ढीग गरम लागतोय."

घरघर. मग तो म्हणाला, "किती गरम?"

"थोडा. म्हणजे कोमट."

"ब्रिजिट, पॉपनी हात घातला होता ना?"

"हो, पण…"

"मग?" त्याचा आवाज मऊ झाला, आणि तोच मला नको असतो. "हे बघ, पॉप कॉफीला येतीलच. त्यांना विचार. पण बंबवाल्यांना फोन करू नकोस हं लगेच. परवाच बंबावरचा टॉड विचारत होता, 'काय रे, परागबाई बऱ्या आहेत ना?'"

परागबाई म्हणजे मी. इथे आल्यावर पहिल्याच वसंतात मी खिडकीतून समोरच्या उतारावर पिवळट धुराचा लोट उठताना पाहिला आणि फोन केला होता. बंब आला, त्यामागे आणखी दोन गाड्या आल्या. तो धूर नव्हता. वाऱ्याने पाइनची झाडं हलली की त्यांचा पराग असा ढगासारखा उडतो, हे या खोऱ्यात हेझलएवढ्या पोरांनाही ठाऊक असतं. ते लोक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडून लिंबू सरबत घेतलं, पिवळी धूळ बसलेले बंबाचे दिवे पुसले आणि हसत गेले. आता दुकानात कुणी शिंकलं की दुसरा म्हणतो, "फोन लावा रे!"

मी दाराशी उभी राहून रेडिओ ऐकत होते. दुपारनंतर पश्चिमेकडून कोरडा वारा, जोर वाढत जाईल. काल दुकानातून येताना चौकातल्या, वणव्याचा धोका दाखवणाऱ्या फळीवरचा काटा मी पाहिला होता, केशरीवरून लालवर ढकललेला. जाळबंदी लागून बरेच दिवस झाले होते. दुपारनंतर यांत्रिक करवत चालवायची नाही, गवत कापायचं नाही, गाडी वाळक्या गवतावर उभी करायची नाही, कारण एखाद्या दगडावर पातं घासून ठिणगी उडाली तरी पुरे. खोऱ्यातले सगळे हे पाळतात. परवान्याशिवाय जो जाळतो त्याला इथे वाळीत टाकतात, त्याच्या पोरांना कुणी शाळेतून गाडीत घेत नाही. आणि आमच्या कोठारामागे, सगळे नियम पाळून, परवाना घेऊन, हात लावून झोपवलेलं काहीतरी कूस बदलत होतं. किंवा नव्हतं. कोठारात नवं गवत रचलेलं. कोठाराच्या वर उतार, उतारावर पॉप राहतात तो चाकांवरचा ट्रेलर, आणि उतार संपतो तिथे थॅकर म्हातारीचं लाकडी घर, जी चालण्याची काठी शोधण्यातच अर्धा दिवस घालवते. वारा पश्चिमेकडचा म्हणजे सरळ तिकडेच.

पॉप आले. ते रोज येतात, ट्रेलरमध्ये स्वतःची कॉफी असूनही. आत येऊन टोपी खुंटीला लावली, हेझलच्या डोक्यावर टकटक केलं. "कोण आहे घरात?" हेझल म्हणाली, "कुणी नाही." हा त्यांचा रोजचा खेळ. मग ते शेगडीकडे वळले आणि शेगडीवरचं कॉफीचं भांडं त्यांनी उचललं. मूठही बिडाचीच असलेलं ते जुनं भांडं, फडकं न घेता, सरळ. त्यांनी सावकाश कॉफी ओतली. त्यांचा चेहरा जराही हलला नाही.

हे मी पूर्वीही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि 'कामाचे हात' या नावाखाली ठेवून दिलं होतं. एप्रिलमध्ये ढीग जाळल्यानंतर त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती. विचारलं तर म्हणाले, "दोर सरकला." पट्टीखाली फोड होता, फुटलेला, आणि दोराने असा गोल फोड येत नाही. हिवाळ्यात मी बाजारात गेले असताना त्यांनी हेझलला आंघोळीला बसवलं होतं. मी परत आले तेव्हा ती किंचाळत होती आणि ते टबात हात घालून म्हणत होते, "अगं, छान आहे की पाणी." तिची पोटरी लाल झाली होती. मी म्हटलं, साबण डोळ्यांत गेला असेल. मी, जी भिंतींचा ताप बघते, तिने म्हटलं. ते शर्टाची वरची दोन बटणं नेहमी उघडी ठेवतात, गेल्या वर्षापासून. त्यांना खिशातल्या किल्ल्या बघितल्याशिवाय सापडत नाहीत. हे सगळे दगड माझ्या खिडकीच्या कडेला कधीपासून ओळीने ठेवलेले होते, आणि आता, कॉफीचा वास सुटलेल्या त्या स्वयंपाकघरात, ते एकदम कोमट लागायला लागले.

त्यांच्या हाताला काही कळत नव्हतं. राखेतही कळलं नव्हतं. आणि मग मला आठवलं की या वसंतात ते आणखी किती जणांकडे गेले होते, बाही वर करून.

"पॉप," मी म्हटलं, "कोठारामागचा ढीग जरा बघता का? मला गरम लागतोय."

"पराग लागला असेल," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग माझ्याकडे पाहून थांबले. "बरं, बरं. चल पोरी. तुझ्या मनाची शांती व्हायला हवी."

मी हेझलला बाहेर यायचं नाही म्हणून बजावलं. ते पुढे, मी फावडं घेऊन मागे. चालताना वाटत होतं, अजूनही सांगता येईल. पण काय सांगायचं? तुमचा हात मेलाय? हे त्यांना ठाऊक असेल का? आणि ठाऊक असूनही ते जात असतील, कारण फोन येतो, कारण लोक वाट बघत असतात, कारण 'ऑर्विलचा हात' गेला तर उरतो तो ट्रेलरमधला म्हातारा, ज्याला मुलगा आणि सून जवळ राहून सांभाळतात? ठाऊक नसेल तर मी ते हिरावून घेणार. ठाऊक असेल तर त्याहून वाईट. आणि गप्प राहिले तर दुपारी वारा. माझ्या पायांखालचं गवत कुरकुरत होतं, आणि कोठाराच्या पत्र्यावर ऊन चढायला लागलं होतं.

मी हेझलच्या खळग्यात फावडं घातलं. वरची माती भाजल्यासारखी कडक होती, मग एकदम भुसभुशीत लागली आणि फावडं आत गेलं, अपेक्षेपेक्षा खूप आत, जणू खाली कुणी खोली खणून ठेवली होती. खुंटाची जागा पोकळ झाली होती. धूर नाही. नुसती पांढरी, पिठासारखी राख, आणि गोडसर वास, जुन्या इस्त्रीचा येतो तसा.

"सरक," पॉप म्हणाले. गुडघा टेकला, बाही वर केली, आणि हात आत घातला. मनगटापर्यंत, मग त्याहून वर. डोळे मिटले. त्यांची ती पद्धत आहे. मी लोकांना त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघताना पाहिलंय.

"थंड," ते म्हणाले. "बघ. थंडगार."

त्यांनी हात काढला नाही. मला पटावं म्हणून तसाच आत ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, तिथे समाधान होतं, एका घाबरट पोरीला धीर दिल्याचं. मग मला केस जळाल्याचा वास आला.

मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून ओढलं. माझ्या हातांची मागची बाजू खळग्याच्या कडेला घासली आणि मी ओरडले. ते ओरडले नाहीत. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. मनगटावरची पांढरी लव गेली होती, बोटांची टोकं लाल, आणि तर्जनीच्या कडेला कातडी वर यायला लागली होती. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला, दुसऱ्याच कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे आल्यासारखा. बराच वेळ. वर कुठेतरी पाइनची शेंडी हलली, मग दुसरी.

"दोर नव्हता तो," ते म्हणाले.

"नाही."

"तुला ठाऊक होतं?"

"आत्ताच कळलं. कॉफीच्या वेळी."

त्यांनी मान हलवली. काही वेळाने म्हणाले, "हेझलची आंघोळ…" आणि पुढे बोलले नाहीत. हे वाक्य मी त्यांच्याकडून घेतलं नाही आणि त्यांना परतही दिलं नाही. ते अजून आमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे.

मग ते उठले, आणि त्यांचा आवाज वेगळाच झाला. तो पूर्वी बंबावर उभं राहून लोकांना हुकूम देण्याचा असणार. "फोन लाव. बंब मागव."

"मी? मला हसतील ते."

"हसू देत. हसत येतील, पण येतील. आणि सांग, ढीग ऑर्विलने तपासला होता." मी घुटमळले तर म्हणाले, "सांग म्हणतोय ना. आणखी पाच-सहा घरी हात लावून आलोय मी. त्यांना आजच कळायला हवं, वाऱ्याआधी."

मी फोन लावला. पलीकडे टॉडच होता. "परागबाई! बोला."

"कोठारामागे खुंटात आग आहे. मुळांत गेली असेल. ऑर्विलने तपासलेला ढीग आहे." "त्यांच्या हाताला गरम कळत नाही, टॉड. या वसंतात ज्यांच्याकडे ते गेले होते त्या सगळ्यांना फोन करा." मी हे म्हटलं तेव्हा पॉप माझ्याकडे पाठ करून ट्रेलरच्या दिशेने बघत होते. टॉड हसला नाही. "निघतोय," एवढंच म्हणाला.

तोवर आम्ही दोघं होतो. विहिरीचा पंप चालू केला, रबरी नळी पुरेना म्हणून बादल्या. जळणारं मूळ जमिनीखालून कुठे गेलंय ते वरून दिसत नव्हतं. मी गुडघ्यांवर पुढे सरकत होते, जमिनीला हाताची मागची बाजू लावत, आणि ते बादली घेऊन माझ्या मागे.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"थांबा. हो, इथे. ओता."

पाणी पडलं की माती फसफसायची आणि वाफेचा एक भपका यायचा. मूळ कोठाराकडे चाललं होतं. भिंतीपासून एवढ्याशा अंतरावर, जिथे हेझल तिच्या बाहुल्यांची शाळा भरवते, तिथे माझा हात भाजला. गाड्यांचा आवाज आला तेव्हा वारा सुटला होता आणि पॉपची टोपी कधीच उडून गेली होती. त्यांनी ती उचललीही नव्हती. दोन्ही हातांनी बादली धरून ते विचारत होते, "इथे, ब्रिजिट?" त्यांनी याआधी मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही, एरवी मी 'पोरी' असते, किंवा 'आमची शहरवाली'.

मूळ बंबवाल्यांनी कोठारापर्यंत खणून काढलं. आणखी एका घरी, खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, राखेखाली निखारा सापडला. बाकीचे ढीग मेलेले होते. गॅरेट संध्याकाळी आला, खणलेला चर बघत उभा राहिला, आणि 'पुन्हा सुरू झालं तुझं' असं काही म्हणाला नाही. त्या न म्हणण्याने मला बरं वाटायला हवं होतं. हेझलला निजवताना मी हाताची मागची बाजू तिच्या कपाळाला लावली. कपाळ तापलेलं होतं. मी घाबरून उठले, गाल लावून पाहिला, ओठ लावून पाहिले. गार होतं. तापलेली होती माझीच कातडी, तिथे उद्या फोड येणार होते. तेव्हापासून मला सगळंच थोडं कोमट लागतं. भिंत, उशी, नळाचं पाणी, गॅरेटची पाठ. डॉक्टर म्हणतात जाईल हळूहळू. उन्हाळा मात्र अजून सगळा जायचाय, काटा लालवरच आहे, आणि संध्याकाळी वसंतातल्या जुन्या ढिगासाठी खोऱ्यातून कुणाचातरी फोन येतो. पॉपसाठी नाही. "ब्रिजिट, जरा येऊन हात लावतेस का?" मी जाते. डोळे मिटत नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात आणि मी खूप वेळ लावते, पुन्हा पुन्हा, आणि 'मेलाय' हा शब्द मला उच्चारता येत नाही. मी म्हणते, "अजून पाणी ओता."

पॉप आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला आले. हाताला पट्टी, डोक्याला टोपी नाही. हेझलच्या डोक्यावर डाव्या हाताने टकटक केलं. "कोण आहे घरात?" "कुणी नाही." मग ते खुर्चीवर बसले, भांड्याला हात न लावता. मी कॉफी ओतून कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"बघ गं," ते म्हणाले, "पिण्याजोगी आहे का?"

मी हाताची मागची बाजू कपाला लावली. गरम होता, की मीच गरम होते, मला कळेना. ते वाट बघत होते.

"थांबा थोडं," मी म्हटलं. ते थांबले.